कॅमेऱ्यासमोर अवघडलेली जोडपी

कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की बहुतेक माणसांना आधी स्वतःचे हात परके होतात. एरवी बोलताना, चहा ढवळताना, मोबाइल चाळताना ज्यांची आठवणही होत नाही, ते दोन हात एकाएकी जड होऊन लोंबू लागतात. त्यामागोमाग खांदे कानांकडे सरकतात, श्वास वरच्या वर राहतो आणि चेहऱ्यावर आधार कार्डापेक्षा जरासेच बरे हसू येते. प्रीवेडिंग शूटला आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न हमखास "हात कुठे ठेवू?" हा असतो. मुलीचा प्रश्न वेगळा असतो, "मी जाड दिसत नाहीये ना?" जोडप्यांची पोर्ट्रेट करणाऱ्या फोटोग्राफरची निम्म्याहून अधिक मेहनत या दोन प्रश्नांवर खर्च होते. कॅमेऱ्याची बटणे त्या मानाने लवकर शिकून होतात.

अवघडण्याला कारणे बरीच असतात. माणूस स्वतःचा चेहरा जन्मभर आरशात पाहतो; आरशात डाव्या हाताला दिसणारा भांग फोटोत उजव्या हाताला दिसतो. थिओडोर मिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना स्वतःचे दोन फोटो दाखवले होते, एक सरळ छापलेला आणि एक उलटा. त्यांचा स्वतःचा कल उलट्याकडे, म्हणजे आरशातल्या चेहऱ्याकडे होता. त्यांच्या मैत्रिणींचा आणि प्रियकरांचा कल मात्र सरळ फोटोकडे. तेव्हा "माझे फोटो चांगलेच येत नाहीत" असे म्हणणारी मुलगी नाटक करत नसते. तिला फोटोत किंचित अनोळखी कोणीतरी दिसत असते. जोडप्याच्या बाबतीत याचा एक सरळ उपयोग आहे. सत्रातला पहिला बरा फोटो तिला दाखवू नये, त्याला दाखवावा. त्याला तो चेहरा ओळखीचा आहे. त्याच्या तोंडून "अगं, मस्त आलाय" निघाले की फोटोग्राफरने दहा वेळा केलेल्या स्तुतीपेक्षा त्याचा गुण अधिक येतो.

दुसरे कारण जुने आहे आणि ते तंत्रातून आलेले आहे. १८३९ साली डागेरोटाइप जाहीर झाला, तेव्हा एका चित्राला काही मिनिटे लागत. पुढे १८५१ मध्ये ओल्या काचेच्या प्लेटांची पद्धत आली आणि वेळ काही सेकंदांवर उतरला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती या काळात. काही सेकंद निश्चल राहणेही सोपे नसते, म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावायची सोय स्टुडिओत असे. वाड्यांच्या सोप्यात लटकणाऱ्या जुन्या फोटोंतली जोडपी आठवावीत: नवरा खुर्चीत, बायको बाजूला उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर आणि दोघांची नजर थेट समोर, जणू न्यायालयात साक्ष चालू आहे. प्लेटा गेल्या, फिल्म आली आणि गेली. "हलू नका" मात्र राहिले. आजही फोटो म्हणताच अंग ताठ करणारा तरुण पणजोबांच्या काळची सूचना पाळत असतो.

तिसरे कारण घरातले आहे. मराठी घरांत नवरा-बायकोची जवळीक चारचौघांत स्पर्शातून दाखवण्याची रीत फारशी नव्हती आणि पुष्कळ घरांत आजही नाही. ती इतर वाटांनी दिसते. ताटातली शेवटची पुरणपोळी दुसऱ्याकडे सरकते. बाहेर पडताना "किल्ली घेतलीस का?" असे विचारले जाते. गर्दीत तो पुढे चालतो आणि दर दहा पावलांनी मागे वळून पाहतो. ज्यांना आईवडिलांच्या देखत एकमेकांचे नाव घेतानाही अडखळायला होते, त्यांना टेकडीवर अनोळखी माणसासमोर कपाळाला कपाळ लावून डोळे मिटायला सांगितले, तर ती अवघडणारच. त्यात दोष त्यांचा नाही, सुचवलेल्या पोझचा आहे. बुजऱ्या जोडप्याचा फोटो नैसर्गिक येण्यासाठी त्यांची लाज घालवावी लागते हा या धंद्यातला मोठा गैरसमज. लाजेसकट ती दोघे जशी एकमेकांच्या जवळ असतात, तसे वागायला त्यांना निमित्त मिळाले की पुरते.

हे निमित्त शोधण्याचे काम शूटच्या आधी सुरू होते. अर्धा तास चहावर बसून केलेल्या गप्पांत जे कळते ते कोणत्याही प्रश्नावलीत कळत नाही: दोघांत बोलके कोण, हसायला कोण लावते, उशीर कोण करते, रविवारी सकाळी काय चालते. मुलगा न्यू जर्सीहून लग्नाच्या आठवडाभर आधी उतरणार असेल, तर हेच व्हिडिओ कॉलवर करावे लागते. तेवढे साधत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. मुली बहुधा इन्स्टाग्रामवरून साठवलेले फोटो घेऊन येतात. धबधब्याखाली उचलून घेतलेली नायिका, धुराच्या नळकांड्या, वाऱ्यावर उडणारा दहा हात लांब झगा. ते फोटो मोडीत काढू नयेत, पण "यातलं नेमकं काय आवडलं?" हे जरूर विचारावे. उत्तर अनेकदा झग्याबद्दल नसतेच. "ती दोघं खळखळून हसतायत", एवढेच असते. मग उचलून घेण्याची कसरत टळते आणि मुलाच्या कमरेवर उपकार होतात.

जागा निवडताना दृश्यापेक्षा वर्दळ आधी पाहावी. रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्र सुंदर असतो, पण तिथे थबकून बघणारेही पुष्कळ असतात आणि बुजऱ्या मुलीला समुद्र दिसत नाही, ते बघणारे दिसतात. तेच ठिकाण पहाटे निराळे असते. वाईजवळचा मेणवलीचा घाट हा नाना फडणवीसांच्या वाड्यालगतचा कृष्णाकाठ. 'स्वदेस' चित्रपटानंतर तिथे शूटिंगचा राबता वाढला; तरी सकाळी लवकर गेले तर पायऱ्यांवर बसायला निवांत जागा मिळू शकते. पायऱ्या हे जोडप्यासाठी मोठे वरदान. बसले की पायांचा प्रश्न सुटतो, एक पायरी खालीवर बसले की उंचीतला फरक मिटतो आणि हातांना गुडघ्यांचा आधार मिळतो. संरक्षित स्मारकांवर परवानगीचे नियम असतात ते आधी विचारून घ्यावेत. गडकिल्ल्यांवरच्या प्रीवेडिंगला अनेक दुर्गप्रेमींचा आक्षेप असतो. तिथे हटकले गेले तर आधीच बावरलेले जोडपे दिवसभरासाठी मिटते. नुसत्या फोटोसाठी म्हणूनही तो धोका पत्करण्यासारखा नाही.

कपड्यांबाबत एकच अट घालावी: नवे कपडे आणि नव्या चपला आदल्या दिवशी घरात तासभर वापरून पाहायच्या. टोचणारा काठ आणि चावणारी चप्पल चेहऱ्यावर दिसते. नऊवारी नेसायची असेल, तर नेसवणारे माणूस सोबत हवे, कारण ओचा सुटण्याची धास्ती असलेली मुलगी मोकळेपणाने पाऊलही टाकत नाही. सोबत येणाऱ्यांचा विषय नाजूक असतो. एखादी करवली, एखादा भाऊ असला तर धीर येतो. चौघे-पाचजण आले की जत्रा होते. त्यातच मागून "अरे हस की! एरवी तर दात काढत असतोस" म्हणणारा एक चुलतभाऊ असतो. त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्या हातात रिफ्लेक्टर द्यावा. मोठी चंदेरी थाळी वाऱ्यात सांभाळताना बोलायला उसंत राहत नाही आणि उजेडही बरा मिळतो.

पहिला पाव तास कामाचा धरू नये. अनुभवी फोटोग्राफर या वेळात फोटो काढतो, पण "उजेड तपासतोय, तुम्ही बोलत बसा" असे सांगून. ते खोटेही नसते. मेणवलीसारख्या ठिकाणी घाटाचा काळा दगड चौकटीत जास्त भरला, तर कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि चेहरे पांढरे फटक येतात. एक्स्पोझर थोडे खाली आणून पाहावेच लागते. तेवढ्यात जोडप्याच्या कानाला शटरचा आवाज सरावतो. क्लिक झाले म्हणून काही आकाश कोसळले नाही हे त्यांच्या अंगात मुरायला एवढा वेळ लागतो. या पाव तासातले फोटो बहुधा टाकाऊ असतात. तरीही तो वाचवण्याच्या नादात जो थेट पोझ द्यायला लावतो, त्याला पुढचा दीड तास तो पाव तास फेडत बसावा लागतो.

त्यानंतर अंगाकडे वळायचे, तेही पायांपासून. नवखा फोटोग्राफर चेहऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला चेहराच दिसत असतो. लाजरे जोडपे "जवळ या" म्हटल्यावर काय करते ते पाहावे: डोकी जवळ येतात, पावले जागच्या जागी राहतात आणि दोघे मिळून एक तिरपा तंबू तयार होतो. डोकी सरळ करून तो सुधारत नाही. दोघांची आतली पावले शेजारी आणायला सांगितली की कंबर, खांदे आणि डोकी आपोआप जुळतात. वजन एका पायावर, शक्यतो मागच्या, द्यायला सांगावे. दोन्ही पायांवर सारखे वजन म्हणजे 'सावधान'. दोघांनी कॅमेऱ्याला समोरासमोर न राहता एकमेकांकडे थोडे वळावे. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. दंड अंगाला चिकटला की तो पसरट दिसतो आणि मुलीच्या त्या पहिल्या प्रश्नाला नको ते उत्तर मिळते. हनुवटी "वर करा" किंवा "खाली करा" असे सांगण्यापेक्षा "कपाळ थोडं माझ्याकडे आणा" म्हटलेले बरे. मान लांबते आणि हनुवटीखालची घडी जाते.

कोणी कुठल्या बाजूला उभे राहायचे यावर घरातल्या मोठ्यांचे मत पक्के असते: बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला. तरुण फोटोग्राफर याकडे रूढी म्हणून पाहतात, पण नथ घातलेली असेल तर भिंगाचेही तेच म्हणणे पडते. नथ नाकाच्या डाव्या बाजूला असते. नवऱ्याच्या डावीकडे उभी राहून तिने त्याच्याकडे पाहिले की तिचा डावा गाल कॅमेऱ्याकडे येतो आणि नथ पूर्ण दिसते. जागा बदलली तर नथ नाकाआड जाते आणि मोत्यांचे एक टोक तेवढे बाहेर डोकावते.

इतके झाल्यावरही हातांचा प्रश्न उरतोच आणि त्याला एकच पक्के उत्तर आहे: हातांना काम द्यावे. काम खरे असावे, संपणारे असावे आणि जरासे अवघड असावे. गजरा माळणे हे याचे उत्तम उदाहरण. मोगऱ्याचा गजरा आणि दोन आकडे मुलाच्या हातात द्यायचे आणि "तूच माळ" एवढेच सांगायचे. बहुतेक मुलांनी हे काम कधी केलेले नसते. आकडा कुठल्या बाजूने घालायचा इथपासून सुरुवात. मुलगी सांगते, "अरे, अंबाड्यात खोच, डोक्यात नको." तो जिभेचे टोक दातात धरून वाकतो, एक आकडा पायरीवर पडतो, दोघे एकदमच खाली वाकतात आणि कपाळावर कपाळ आपटते. जे कपाळ-मीलन सांगून तासभर जमले नसते ते असे घडते, तेही खऱ्या हशासकट. फोटोग्राफरने या सगळ्यात एक शब्दही बोलू नये. गजरा शेवटी वाकडाच बसतो. तो नीट करायची घाई करवलीला करू देऊ नये.

अशी कामे जागेवर मिळतात. सिंहगडाच्या वाटेवर भाजलेले कणीस घेतले, तर लिंबू-तिखट कोणी चोळायचे यावर बोलणे होते. फोटो चोळतानाचा घ्यावा, खातानाचा कोणाचाच बरा येत नाही. शर्टाची बाही दुमडून देणे, पैठणीचा पदर काट्यातून सोडवणे, पावसात एकाच छत्रीत मावण्याची खटपट, दोन कटिंग चहा न सांडता पायऱ्यांवरून आणणे. चालायला लावणे हा सगळ्यांत सोपा उपाय, पण "चाला" म्हटले की संचलन सुरू होते. "त्या झाडापर्यंत जा, पण तिला तुझ्याआधी पोचू देऊ नकोस" म्हटले की पावले सैल पडतात.

बोलण्यातूनही निमित्त मिळते. परदेशी व्हिडिओंतून शिकलेले काही जण "तिच्या कानात काहीतरी रोमँटिक सांग" असे सुचवतात. बुजरा मुलगा यावर कोरा पडतो आणि ती कोरेपणाची छटा दोघांच्याही चेहऱ्यावर पसरते. त्यापेक्षा "बघायला गेला होतास तेव्हा पोहे कोणी केले होते, ते विचार तिला" हे चालते. उखाणा तर हातचाच. "नाव घ्या" म्हटले की मुलगी आधी नाही म्हणते, मग खाली पाहते, मग ओठ मुडपून शब्द जुळवते आणि नाव उच्चारताना डोळे हमखास त्याच्याकडे जातात. खाली पाहण्यापासून डोळे वर जाईपर्यंतचे ते काही क्षण मराठी जोडप्याच्या पोर्ट्रेटमधली सर्वांत श्रीमंत जागा म्हणावी लागेल. लाज इथे अडथळा राहत नाही, फोटोचा विषय होते. नंतर मुलालाही नाव घ्यायला लावावे. त्याचा उखाणा बहुधा फसतो आणि फसलेल्या उखाण्यावरचे तिचे हसू आणखी चांगले येते.

खरे हसू आणि आणलेले हसू यांतला फरक ओळखायला शरीरशास्त्र मदत करते. फ्रेंच वैद्य ग्युयोम द्युशेन यांनी १८६२ च्या आपल्या ग्रंथात तो नोंदवला. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू हुकमाने हलतो. डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू मात्र मनापासून हसल्याशिवाय सहसा तसा आवळत नाही. म्हणून हसऱ्या फोटोची पारख करताना तोंड हाताने झाकून डोळे पाहावेत. "चीज" म्हणून मिळते ते नुसते ओठांचे हसू. आणि खरे हसूसुद्धा शिखरावर असताना फोटोला चांगले असतेच असे नाही, कारण तेव्हा डोळे मिटतात आणि हिरड्या दिसतात. हसू ओसरताना, श्वास सुटत असताना जो चेहरा राहतो तो अधिक टिकाऊ. शटर थोडे उशिरा सोडायला शिकणे म्हणूनच महत्त्वाचे. पापण्यांची भानगड वेगळी: माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, आणि दोघे म्हणजे दुप्पट संधी. "एक, दोन, तीन" म्हटले की 'तीन'ला बुजरी माणसे हटकून डोळे मिटतात. उलट दोघांना आधीच डोळे मिटायला सांगावे आणि "उघडा" म्हटल्यावर फोटो घ्यावा.

तंत्राची बाजू या कामात पाठीमागे राहून आधार देते. मोठी फोकल लेंग्थ, म्हणजे ८५ मिमी किंवा ७०-२०० झूम, फोटोग्राफरला जोडप्यापासून दूर ठेवते. चेहऱ्याचे प्रमाण बिघडत नाही आणि दोघांना आपसात कुजबुजायला एकांत मिळतो. फार दूर गेले तर मात्र सूचना ओरडून द्याव्या लागतात आणि "जरा अजून चिकटा!" हे साऱ्या टेकडीला ऐकू जाते. ३५ मिमीने जवळून काढलेल्या फोटोत जिवंतपणा असतो, पण जवळच्याचे नाक मोठे दिसते. अशी भिंगे जोडपे सैलावल्यावर बाहेर काढावीत. मागचे सगळे धूसर करण्याच्या मोहात एफ १.८ वर काम करणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीने २ मीटरवरून फोटो घेतला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा असतो. एक चेहरा किंचित मागे गेला की तो धूसर. मग "पुन्हा एकदा तसंच हसा" म्हणावे लागते आणि तसे हसू पुन्हा येत नसते. एफ ४ वर हा पट्टा दुपटीहून मोठा होतो. हालचालीसाठी शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवावे. मिररलेस कॅमेऱ्यांचे मूक शटर बुजऱ्यांना सोयीचे, फक्त एलईडी दिव्यांखाली त्याने पट्टे उमटू शकतात. उजेडाचे म्हणाल तर कडक उन्हात डोळे बारीक होतात आणि तो त्रास चेहऱ्यावर वाचता येतो. झाडाची किंवा भिंतीची मोकळी सावली, नाही तर सूर्य पाठीशी, एवढे पुरे. प्रकाशयोजनेचे अवघड प्रयोग अवघडलेल्या माणसांवर करू नयेत. दिव्याचा कोन बदलण्यात पाच मिनिटे गेली की जोडप्याला आपल्यातच काहीतरी चुकतेय असे वाटते.

फोटोग्राफरची भाषा हेही एक अवजार आहे. "लाजू नका" या शब्दांनी कोणाचीही लाज गेलेली नाही. "नॅचरल हसा" याचे पालन अशक्य आहे. "नाही, नाही, असं नको" हे तीनदा ऐकले की माणूस हलायचाच थांबतो. "खांदा सोड, छान, आता तसाच राहा आणि तिच्याकडे बघ" अशी एका वेळी एकच, होकारी सूचना द्यावी. डावे-उजवे सांगण्यात गोंधळ होतो म्हणून समोर उभे राहून स्वतः करून दाखवावे. पोट सुटलेला फोटोग्राफर नवरीसारखी मान वेळावून उभा राहिला की अर्धे काम तिथेच होते. स्पर्श मात्र करू नये. पदर सरकला, केसांची बट तोंडावर आली, तर जोडीदाराला किंवा करवलीला सांगावे. ते सभ्यतेलाही धरून आहे आणि फोटोलाही, कारण बट मागे सारणारा हात जोडीदाराचा असला तर तोच फोटो होतो. एखाद्या पोझला मुलगी हसून "नको" म्हणाली, तर ते नकोच समजावे. तिथे ओढाताण केली की पुढच्या साध्या पोझमध्येही ती सावध राहते.

सगळी जोडपी सारखी नसतात. बघून-ठरवून लग्न जमलेली, साखरपुडा होऊन महिना झालेली जोडपी एकमेकांनाही नवी असतात. त्यांच्यात हातभर अंतर ठेवून काढलेला फोटो खोटा नसतो. दोघांच्या मधल्या त्या अंतरात नजर गेली तरी पुष्कळ झाले. पाच वर्षे बरोबर असलेल्यांचा ताण वेगळा. तिथे एकाला हौस असते आणि दुसरा "तुझ्यासाठी आलोय" या चेहऱ्याने उभा असतो. हौशीच्या मागे कॅमेरा जातो आणि दुसरा आणखी मिटतो. अशा वेळी हौशी व्यक्तीची पाठ किंवा खांदा चौकटीत घेऊन कॅमेरा मिटलेल्यावर ठेवावा. मोहरा आपल्यावर नाही असे वाटून हौशी बडबडत राहते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा हळूहळू उघडतो. मूल झालेल्या जोडप्यांना मुलासकट बोलवावे. मुलाला झोका द्यायचा असताना हात कुठे ठेवू हे कोणी विचारत नाही.

सगळ्यांत अवघडलेली आणि सगळ्यांत चांगले फोटो देणारी जोडपी म्हणजे साठीशांतीची, सहस्रचंद्रदर्शनाची, लग्नाला पन्नास वर्षे झालेली. नातवंडांचा आग्रह असतो, "आजोबा, आजीच्या खांद्यावर हात ठेवा ना!" आजोबा बोटांची टोके टेकवतात, गरम तव्याला लावावीत तशी. आजी म्हणते, "अहो, काय हे, लोक बघतायत." हा हट्ट नातवंडांना आवरता घ्यायला सांगावा. आजोबांना विचारावे, "आजोबा, गोळ्यांची डबी कुठे असते, तुमच्याकडे की आजींकडे?" लगेच आजी पिशवीत हात घालते, आजोबा "सकाळची घेतली मी" म्हणतात, ती "दाखवा बघू" म्हणते आणि पन्नास वर्षांचा संसार चौकटीत येऊन बसतो. आजोबांच्या टोपीची कड सरळ करणे, चष्मा पदराने पुसून देणे, ऐकू कमी येत असल्यामुळे कानाशी वाकून मोठ्याने सांगणे, हे सगळे स्पर्श त्यांचे रोजचे असतात. चष्म्यावर आकाश चमकत असेल, तर काडी कानावर किंचित उचलायला सांगावी. चष्मा काढायला सांगू नये, कारण चष्म्याविना आजोबा घरच्यांनाच ओळखू येत नाहीत. या वयाच्या जोडप्यांना फार वेळ उभे करू नये. खुर्च्या शेजारी ठेवताना हात एकमेकांना लागतील इतक्या जवळ ठेवाव्यात. समोरून त्या जितक्या जवळ वाटतात तितक्या नसतात.

सत्र संपल्याची घोषणा केली तरी कॅमेरा पिशवीत घालू नये. "झालं, पॅकअप" म्हटल्याबरोबर खांदे पडतात, मुलगी चपला हातात घेते, मुलगा "सुटलो" म्हणत पायरीवर बसकण मारतो आणि ती त्याच्या पाठीवर थाप देते. या मिनिटभरात मिळणाऱ्या फोटोंसाठी काही जण पॅकअपची घोषणा मुद्दाम दोनदा करतात. लबाडी खरी, पण कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

निवड करताना बुजऱ्या जोडप्यासमोर सगळा ढीग ओतू नये. शेकडो फोटोंत मिटलेले डोळे आणि अर्धवट तोंडे पाहिली की "बघ, मी म्हटलं होतं ना" सुरू होते. निवडक तेवढेच दाखवावेत आणि त्यांत दोघांपैकी एकजणच छान आलाय असे फोटो ठेवू नयेत. चेहरा गुळगुळीत करण्याचा हात आखडता ठेवावा. तीळ, व्रण, गालावरची खळी ही जोडीदाराची ओळखीची माणसे असतात, ती गायब झालेली त्याला आधी कळते.

एवढे करून शेवटी दिवाणखान्यात लावायला आई बहुधा जो फोटो निवडते तो वेगळाच असतो: दोघे शेजारी, सरळ, कॅमेऱ्याकडे पाहणारे, पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण. कॅण्डिडची सवय लागलेले फोटोग्राफर तो काढायचाच विसरतात आणि मग अल्बमच्या वेळी कुरबूर होते. तो घ्यावाच, मात्र सत्राच्या सुरुवातीला नको. गजरा, कणीस, उखाणा सगळे होऊन गेल्यावर, पॅकअपच्या जरा आधी, "आता आईसाठी एक" म्हणून घ्यावा. तोवर हात कुठे ठेवायचे हे त्यांना विचारावे लागत नाही आणि त्या फोटोला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.